बाळाचे पहिले वर्ष : आईला आईचा आधार

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात वर्षभरातील प्रसूती, शस्त्रक्रिया, लसीकरण आणि खाटांचा वापर यांची कोष्टके असतात. देणगीदारांना व विश्वस्तांना कामाचा हिशेब देण्यासाठी ती आवश्यकच आहेत. परंतु बाळ-बाळंतिणीला डिस्चार्ज मिळाला की कोष्टकातील नोंद पूर्ण होते आणि कुटुंबाचे खरे काम त्या दिवसापासून सुरू होते. रुग्णालयात दोन-चार दिवस काढलेली आई उरलेले वर्ष घरी काढते. त्या वर्षात तिला धीर कोण देते, काय सांगते आणि वेळेवर दवाखान्यात कोण पाठविते, यावर बाळाचे व तिचेही आरोग्य फार मोठ्या प्रमाणावर अवलंबून असते. या सोबतीचे महत्त्व आणि तिच्या मर्यादा वाचकांसमोर मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

धोक्याचा काळ

नमुना नोंदणी पाहणीच्या २०२० च्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १६ बालके पहिला वाढदिवस पाहू शकली नाहीत. त्यांपैकी ११ मृत्यू जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतील होते. त्यातही पहिला आठवडा सर्वाधिक नाजूक असतो. म्हणजेच पाचवीची पूजा आणि बारसे ज्या दिवसांत होतात, त्याच दिवसांत बाळावर सर्वाधिक लक्ष ठेवावे लागते.

आईच्या मनाकडे तर याहूनही कमी लक्ष जाते. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात नोंद झालेल्या २७० गर्भवतींचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांपैकी सुमारे २३ टक्के मातांमध्ये नैराश्याची लक्षणे आढळली. गरिबी, पतीकडून होणारा छळ, आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे, या गोष्टींचा नैराश्याशी संबंध दिसून आला. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे केवळ ८४२ मुली होत्या. ज्या समाजात मुलगी इतकी नकोशी ठरते, तेथे दुसऱ्या किंवा तिसऱ्या मुलीला जन्म देणाऱ्या आईच्या खाटेजवळ कोण बसते, हा प्रश्न आपल्यालाही टाळता येणार नाही.

जुनी सोबत आणि तिच्यातील उणिवा

खानदेशात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. सव्वा महिना विश्रांती, शेक, तेलाने मालीश, डिंकाचे व अळिवाचे लाडू, आई-मावशी-आत्यांचा वावर, या सर्वांमुळे बाळंतिणीला विसावा मिळत असे. आजच्या भाषेत ज्याला मानसिक आधार म्हणतात, तो घरातील ओसरीवरच उपलब्ध होता.

ही व्यवस्था आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. कुटुंबे लहान झाली. एरंडोल परिसरातील कितीतरी घरांतील तरुण कामासाठी सुरतेला किंवा नाशिक-पुण्याला असतात. कापूस वेचणीच्या दिवसांत घरातील प्रत्येक बाई शेतात असते आणि घरी बाळंतीण व तान्हे बाळ एवढेच उरतात. ऊसतोडीला व वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांत तर सव्वा महिन्याची विश्रांतीही मिळत नाही.

शिवाय जुन्या सोबतीबरोबर काही चुकीच्या समजुतीही चालत आल्या. पहिला चीक काढून टाकणे, बाळाला मध किंवा गुटी चाटविणे, कानात व नाकात तेल घालणे, नाळेवर हळद किंवा राख लावणे, हे प्रकार मायेपोटीच होतात, परंतु त्यांतून बाळाला अपाय होऊ शकतो. आपल्याकडील आणखी एक नेहमीचा प्रश्न उन्हाळ्याचा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर गेला की आजी बाळाला चमच्याने पाणी पाजते. वास्तविक आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. सहा महिन्यांपर्यंत अंगावरचे दूध कडक उन्हाळ्यातही पुरते. बाळाला वारंवार पाजावे आणि आईने स्वतः भरपूर पाणी, ताक, वरण घ्यावे, एवढेच पुरेसे असते. दूषित पाण्याने जुलाब मात्र नक्कीच होऊ शकतात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सोबत हवीच, परंतु ती जाणती सोबत असली पाहिजे.

अनुभव काय सांगतो?

अशी जाणती सोबत योजनापूर्वक निर्माण करता येते काय, याचे उत्तर गेल्या काही दशकांतील कामातून मिळते.

नेपाळमधील मकवानपूर जिल्ह्यात गावातीलच एका स्त्रीच्या पुढाकाराने महिलांचे गट दरमहा भरविण्यात आले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या भागातील नवजात मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. त्यानंतर झारखंड व ओडिशातील आदिवासीबहुल जिल्ह्यांत ‘एकजूट’ या संस्थेने २० बैठकांची मालिका घेतली. या बैठकांत व्याख्याने नव्हती. चित्रे व गोष्टींच्या आधारे स्त्रियाच आपल्या अडचणी मांडत, त्यांतील महत्त्वाची अडचण निवडत, उपाय ठरवीत आणि तो अमलात आला की नाही हे पुढे तपासत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शेवटच्या दोन वर्षांत या गावांतील नवजात मृत्यू ४५ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. तिसऱ्या वर्षी मातांमधील मध्यम स्वरूपाच्या नैराश्याचे प्रमाणही निम्म्याहून खाली आले होते.

मात्र हेच साधन सर्वत्र सारखे लागू पडते असे नाही. मुंबईच्या झोपडवस्त्यांत अशाच गटांचा प्रयोग झाला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नवजात मृत्यूंमध्ये घट आढळली नाही. तेथे बहुतेक प्रसूती आधीपासूनच रुग्णालयात होत होत्या आणि वस्तीतील कुटुंबांची ये-जाही मोठी होती. केवळ बैठका भरविणे पुरेसे नाही, स्थानिक गरज ओळखावी लागते आणि उपचाराची सोय जोडीला असावी लागते, असा बोध यातून घेता येतो.

उपचाराची अशी जोड कशी द्यावी, हे आपल्या राज्यातच गडचिरोलीने दाखविले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील साध्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती काळजीचे प्रशिक्षण दिले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. याच अनुभवाच्या आधारे २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्त्या घरोघरी भेटी देतात. रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी या भेटी होतात.

मनाच्या आधाराबाबत गोव्यातील उपक्रम उद्बोधक आहे. ‘संगाथ’ या संस्थेने त्याच परिसरातील, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्त्रियांना ‘सखी’ म्हणून तयार केले. गर्भारपणात नैराश्य आढळलेल्या स्त्रियांना त्या बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत नियमित भेटत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्यातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा अधिक होते. फरक माफक होता, तरी तो साध्या स्त्रियांच्या संभाषणातून साधलेला होता.

एक आई दुसरीला किती देऊ शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात आहे. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये तेथे आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. ज्यांना दूध पुरून उरते अशा माता, ज्यांची तोंडओळखही नाही अशा मातांच्या अशक्त बाळांसाठी तेथे दूध देतात.

नवमातांनी एकमेकींसाठी काय करावे?

शेजारच्या आळीतील, पाच-सहा महिन्यांचे बाळ असलेली आई ही नवमातेची उत्तम मार्गदर्शक ठरते. तिचा अनुभव ताजा असतो. डॉक्टरांच्या प्रमाण मराठीत जे विचारण्याचा संकोच वाटतो, ते तिला घरच्या अहिराणीत सहज विचारता येते.

पहिल्या महिन्यात बाळ छातीला नीट धरते की नाही हे शेजारी बसून पाहणे, हीच मोठी मदत होय. ‘दूध पुरत नाही’ या भीतीने वरचे दूध सुरू करण्यापूर्वी, बाळ दिवसरात्रीत सहा किंवा अधिक वेळा लघवी करते काय आणि त्याचे वजन वाढते काय, हे पाहावे. दोन्ही ठीक असल्यास दूध पुरते आहे असे समजावे. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यातील आणि नवव्या महिन्यातील लसीकरणास दोघी-तिघींनी मिळून जावे. एकीची तारीख चुकत असेल तर दुसरी आठवण करून देते. सहा महिने पूर्ण झाल्यावर मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, वरणात कुस्करलेली भाकरी, केळे, तेल-तूप घातलेली भाजी यांनी वरचा आहार सुरू करावा व स्तनपान चालू ठेवावे. वर्ष पूर्ण होईपर्यंत मध देऊ नये.

आणि या सर्वांच्या आधी ऐकून घ्यावे. रात्रभर जागलेल्या आईला सल्ल्यापेक्षा तासभराची झोप अधिक हवी असते. तेवढा वेळ बाळाला घेऊन बसणारी शेजारीण तिला खरी सखी वाटते.

वडिलांचा वाटा

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचे काय काम, ही समजूत आता सोडावयास हवी. कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची, कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ मध्ये सुरू झालेली ‘कांगारू पद्धत’ वडिलांनाही अवलंबिता येते. पाणी भरणे, लंगोट धुणे, मोठ्या मुलाला सांभाळणे, वाहनाची व पैशाची तजवीज आधीच करून ठेवणे, ही त्यांचीच कामे होत. सुरतेला असलेल्या वडिलांनी रोजच्या फोनवर केवळ बाळाची चौकशी न करता ‘तू जेवलीस का, झोपलीस का’ एवढे विचारले तरी पत्नीला मोठा धीर येतो. मुलगी झाली म्हणून घरात कोणी टोमणा मारीत असेल, तर तो थांबविण्याचे कर्तव्यही पित्याचेच आहे.

सोबत कोठे संपते?

काही प्रसंगी शेजारणीचा सल्ला पुरेसा नसतो. बाळ दूध ओढेनासे झाले, अंग थंड किंवा तापलेले लागले, श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक वेळा चालू लागला, छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले, तळहात-तळपाय पिवळे दिसले, नाळेतून पू आला किंवा बाळ निपचित पडले, तर घरगुती उपायांत वेळ न घालविता ताबडतोब रुग्णालयात आणावे. आईला अधिक रक्तस्राव, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, तीव्र डोकेदुखी किंवा झटके आल्यासही हाच नियम आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविता येते.

प्रसूतीनंतर पहिले काही दिवस रडू येणे स्वाभाविक असते. परंतु उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले, किंवा स्वतःस अथवा बाळास इजा करण्याचे विचार मनात आले, तर तो आजार आहे आणि तो बरा होतो. अशा आईला एकटे सोडू नये व त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावरही विनामूल्य सल्ला मिळतो. ‘बाहेरची बाधा’ म्हणून दिवस दवडणे जिवावर बेतू शकते.

धर्मादाय रुग्णालयाचे कर्तव्य

दानातून यंत्रे येतात, इमारती उभ्या राहतात आणि त्यांची गरज कधीच संपत नाही. परंतु या लेखातील कामासाठी लागते ती एक स्वच्छ खोली, सतरंजी, वजनकाटा, आठवड्यातील एक ठरलेला दिवस आणि प्रश्नांची उत्तरे देणारी एक अनुभवी परिचारिका. लसीकरणाच्या दिवशीच माता एकत्र बसल्या तर त्यांना वेगळी खेप पडत नाही. बैठकीत बोलावयाचे मातांनीच. चुकीची समजूत दुरुस्त करणे आणि गरजू आई किंवा बाळ ओळखून त्याच दिवशी तपासणीस नेणे, हे परिचारिकेचे काम. गावोगावच्या आशाताईंना या बैठकीशी जोडून घेतल्यास कोणतीही आई डिस्चार्ज कार्ड घेऊन एकटी घरी जाणार नाही.

रुग्णांच्या नातेवाईकांस आमची विनंती आहे की, बाळ पाहण्यास जाताना झबल्या-टोपड्याबरोबर थोडा वेळही घेऊन जावे आणि प्रथम आईची विचारपूस करावी. विश्वस्तांनी व देणगीदारांनी या साध्या कामालाही आपल्या औदार्यात स्थान द्यावे. त्याचे मोल कोष्टकात सहजासहजी दिसणार नाही. वर्षभराने बाळ आपल्या पावलांनी चालत रुग्णालयाच्या दारात येते आणि त्याचा हात धरणारी आई प्रसन्न असते, त्या दिवशी ते दिसते.