मॉडेल रेल्वेचं इंजिन अचानक बंद? आधी चाकं तपासा!

पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे. भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं हे म्युझियम १९९८ पासून सुरू आहे. मी ते बघून शिरूर अनंतपाळला परतलो आणि पैसे साठवून एचओ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या १/८७ आकाराचं, जुनं वाफेचं इंजिन घेतलं. दिसायला वाफेचं, आत मात्र मोटर! आजोबांनी लातूरची नॅरोगेज गाडी पाहिलेली, म्हणून त्यांना दाखवायचं होतं.

आदल्या रात्री चाकं काढून साफ केली. सकाळी आजोबा खुर्ची टाकून बसले, मी नॉब फिरवला आणि कंट्रोलरवर शॉर्टचा लाल दिवा लागला. इंजिन जागचं हललं नाही. चुकलं काय?

करंट येतो कुठून?

एका रुळात प्लस, दुसऱ्यात मायनस, साधारण १२ व्होल्ट डीसी. एका बाजूची चाकं करंट उचलतात, तो मोटरमधून जातो आणि दुसऱ्या बाजूच्या चाकांतून परत रुळात. प्लस-मायनसची अदलाबदल केली की गाडी रिव्हर्स.

पण चाकं धातूची आणि ॲक्सलही धातूचा असेल तर? करंट मोटरकडे जाणारच नाही, ॲक्सलमधूनच थेट पलीकडे पळेल. यालाच शॉर्ट म्हणतात. म्हणून प्रत्येक ॲक्सलवर एका बाजूच्या चाकात प्लास्टिकचा बुश घालून ते वेगळं ठेवतात.

गंमत म्हणजे खऱ्या रेल्वेत हाच शॉर्ट कामाला येतो. ट्रॅक सर्किटमध्ये रुळांतून हलका करंट सोडलेला असतो. गाडी आली की चाकं आणि ॲक्सल दोन्ही रूळ जोडतात, रिले सुटतो आणि सिग्नल लाल होतो. ही युक्ती विल्यम रॉबिन्सनची, १८७२ सालची.

वाफेच्या इंजिनातच जास्त कटकट का?

कारण चाकांना जोडणारे रॉड. बुश ॲक्सलपाशी असेल तर अख्खं चाक आणि त्याचा रॉड रुळाशी जोडलेलाच राहतो. तो रॉड धातूच्या चेसिसला टेकला की शॉर्ट! इन्सुलेशन चाकाच्या कडेलगत असेल तर ही भीती नाही.

शिवाय पकड यावी म्हणून काही चाकांवर रबर असतं. ती चाकं करंट उचलत नाहीत. म्हणून बऱ्याच मॉडेलमध्ये मागच्या कोळशाच्या डब्याची, म्हणजे टेंडरची, मदत घेतात. माझ्या मॉडेलमध्ये इंजिन उजव्या रुळातून करंट घेतं आणि टेंडर डाव्या. दोघांना जोडणारा दांडाही इन्सुलेटेड असतो.

माझी चूक सापडली

टेंडरचा एक ॲक्सल मी उलटा बसवला होता! बुशचं चाक डावीकडे गेलं, साधं चाक उजव्या रुळावर आलं आणि टेंडरच्या धातूच्या फ्रेममधून दोन्ही रूळ जोडले गेले.

तुम्ही असं तपासा:

१. चाकं काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. मी तेवढंच केलं नव्हतं.

२. गाडी रुळावरून उचला, मल्टिमीटर बीप मोडवर ठेवा. एकाच ॲक्सलच्या दोन चाकांना टोकं लावा. बीप आला तर इन्सुलेशन गेलं.

३. आता एक टोक टेंडरच्या फ्रेमला, दुसरं प्रत्येक चाकाला. बीप एकाच बाजूच्या चाकांवर यायला हवा.

४. जुन्या मोबाईलची बॅटरी रुळाला जोडायचा प्रयोग नको. शॉर्ट झाला तर लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते.

ॲक्सल फिरवून बसवला, पुन्हा नॉब फिरवला. इंजिन निघालं. आजोबा म्हणाले, "आमची गाडी बी अशीच दमानं जायची."