घरातली वीज (भाग ९) : पेटी माडीवर, बटण खाली

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. नदीकाठच्या घरात इन्व्हर्टर बसवायचा तर तो माडीवरच हवा, हे सांगलीकराला वेगळं सांगायला नको. पण घरातली वयस्कर मंडळी राहतात खाली. वर पेटी कोकलायला लागली की ती बंद करायला दर वेळी जिना कोण चढणार?

यावर एक सल्ला हमखास मिळतो : बॅटरी वर न्या, इन्व्हर्टर खाली हाताशी ठेवा. हा सल्ला ऐकू नका. समजा ८०० वॉटचा भार आहे. इन्व्हर्टरची स्वतःची तूट धरली तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ७५ अँपिअर खेचले जातात. जाऊन-येऊन ३० मीटर तांब्याची वायर, तीही १० चौरस मिलिमीटरची भरभक्कम घेतली, तरी जवळजवळ ४ व्होल्ट वायरीतच जिरतात. खाली पोचतात जेमतेम ८. साडेदहाच्या आसपास बहुतेक इन्व्हर्टर बॅटरी संपली असं समजून बंद पडतात. म्हणजे बॅटरी भरलेली आणि घरात अंधार. तोच भार २३० व्होल्टवर नेला, तर साडेतीन अँपिअरात भागतं. कोयनेच्या पाण्यावर पोफळीला तयार होणारी वीज २ लाख २० हजार व्होल्टवर चढवून पुढे धाडतात, त्यामागंही हेच गणित आहे.

तेव्हा इन्व्हर्टर बॅटरीच्या शेजारीच हवा. खाली आणायचं ते फक्त बटण, म्हणजे रिमोट पॅनल. त्याच्या वायरीतून नुसता इशारा जातो, भार नाही. म्हणून ती बारीक आणि लांब चालते. मात्र घरगुती इन्व्हर्टरपैकी पुष्कळांना हे पॅनल जोडायची सोयच नसते. खरेदीआधी मागची बाजू बघून घ्या.

सॉकेट टेलिफोनसारखं दिसतं आणि तिथंच लोक फसतात. फोनच्या वायरीत टोकाटोकाला तारांचा क्रम बऱ्याचदा उलटा असतो, शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. एकाचं पॅनल दुसऱ्याला लावलं तर जळू शकतं. पॅनलसोबत आलेलीच वायर वापरा, लांबीची मर्यादा पुस्तिकेत पाहा आणि जोडताना इन्व्हर्टर बंद ठेवा. जोडल्यावर त्याचं स्वतःचं बटण कुठल्या स्थितीत ठेवायचं, हेही पुस्तिकेतच मिळेल. ते चुकलं तर खालचं बटण कितीही दाबा, उपयोग नाही. ही वायर २३० व्होल्टच्या पाइपातून ओढू नका. वायरमन कंटाळा करतात. उभं राहून वेगळी पट्टी मारून घ्या.

आणि खालच्या पॅनलवरचा दिवा विझला म्हणून वीज गेली असं धरून कुणी पंख्याच्या वायरीला हात घालू नये. महावितरणची वीज चालू असेल, तर इन्व्हर्टर बंद असतानाही ती त्याच्यातून आरपार घरात येत राहते. दुरुस्तीच्या वेळी मेन स्विच पाडायचा, माडीवर जाऊन बॅटरीची जोडणी सोडायची, आणि टेस्टर लावून बघायचं. तेवढ्यापुरता जिना चुकत नाही.