भुयारी रेल्वे : रूळबदल आणि ध्वनिनियंत्रण

लंडनची भुयारी रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. तिच्या जुन्या मार्गांवर रुळांचे तुकडे फिशप्लेट व बोल्ट यांनी जोडलेले असत. प्रत्येक सांध्यावर चाक आदळे व कंपने जमिनीतून वरील इमारतींपर्यंत पोहोचत. रूळबदल करताना वेल्डिंगने जोडलेले लांब, अखंड रूळ बसविल्यास हे आघात टळतात व सांध्यांच्या देखभालीचा खर्चही वाचतो. रुळांखालील लवचीक गाद्यांमुळे बोगद्यात उतरणारी कंपने घटतात. मात्र आधार फार मऊ झाल्यास रूळ स्वतःच अधिक थरथरतो आणि डब्यातील आवाज वाढू शकतो. त्यामुळे रहिवाशांची झोप व प्रवाशांची सोय या दोहोंचा विचार करूनच अशा खर्चाचे मूल्यमापन करणे आवश्यक ठरते.