वाद्यवृंदाच्या बाहेरचे आयुष्य

एखादा नामांकित वाद्यवृंद सोडून वादक बाहेर पडला, म्हणजे त्याची वार्ता चार दिवस गाजते आणि लोकांचे लक्ष पुन्हा त्या वाद्यवृंदाकडे वळते. बाहेर पडलेल्याचे आयुष्य मात्र चालूच असते, आणि बहुधा ते मागे पडलेल्या काळाहून कितीतरी दीर्घ असते. रॉक संगीतातील कलावंत विशी-पंचविशीतच कीर्तीस पोचतात. त्यामुळे उरलेल्या आयुष्याचे काय करावयाचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे फार लवकर उभा राहतो. इंग्लंडमधील ‘बीटल्स’ या वाद्यवृंदातून १९६२ साली दूर केल्या गेलेल्या पीट बेस्टचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे.

बेस्टचा जन्म १९४१ साली मद्रास येथे झाला. त्याची आई मोना हिचा जन्म दिल्लीचा. १९४५ मध्ये हे कुटुंब लिव्हरपूलला गेले. मोना जिद्दीची बाई होती. १९५४ च्या डर्बी शर्यतीत तिने दागिने गहाण टाकून एका घोड्यावर पैसे लावले. घोडा जिंकला, आणि त्या पैशांच्या बळावर पुढे तिने एक प्रशस्त घर घेतले. त्या घराच्या तळघरात १९५९ साली तिने तरुणांसाठी ‘कॅस्बा’ नावाचा कॉफी क्लब काढला. पुढे ज्यांना सारे जग ‘बीटल्स’ म्हणून ओळखू लागले, त्यांतील काही मुले तेथे गात-वाजवीत असत.

ऑगस्ट १९६० मध्ये या मुलांना हांबुर्गचे बोलावणे आले. ड्रम वाजविण्यास माणूस हवा होता. बेस्ट त्यांच्याबरोबर गेला. दोन वर्षे त्याने रात्रीमागून रात्री त्यांना साथ केली. जून १९६२ मध्ये लंडनला ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा निर्माता जॉर्ज मार्टिन याला त्याचे वादन पसंत पडले नाही. १६ ऑगस्ट रोजी व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन याने त्याला कचेरीत बोलावून निरोप दिला. सोबत्यांपैकी एकानेही ही गोष्ट त्याला समक्ष सांगितली नाही. त्याच्या जागी रिंगो स्टार आला. या निर्णयाच्या खऱ्या कारणांविषयी आजही एकमत नाही.

या व्यवसायातील प्राप्तीची रीत येथे ध्यानात घेतली पाहिजे. क्लबात वाजविल्याचे पैसे त्या रात्रीपुरते असतात. ध्वनिमुद्रिकेवरील स्वामित्वधन मात्र वर्षानुवर्षे मिळत राहते. ऑक्टोबर १९६२ पासून ज्या मुद्रिकांनी बीटल्सना कीर्ती आणि धन दिले, त्यांत बेस्टचा वाटा नव्हता. पाया भरण्याच्या कामी तो होता. इमारत उभी राहिली तेव्हा तो बाहेर होता.

इतर वाद्यवृंदांतून त्याने नशीब अजमावून पाहिले, परंतु यश आले नाही. बीटल्सची कीर्ती शिखरावर असताना, निराशेच्या भरात, त्याने आत्मघाताचा प्रयत्न केला. आई आणि भाऊ वेळीच धावून आले म्हणून तो वाचला. १९६८ साली त्याने संगीताचा व्यवसाय सोडला. काही काळ गाड्यांत पाव भरण्याचे काम केले आणि नंतर लिव्हरपूलच्या सरकारी सेवायोजन कार्यालयात नोकरी धरली. तेथे त्याने सुमारे वीस वर्षे काढली. स्वतः एकदा कामावरून दूर केला गेलेला हा गृहस्थ बेकारांना काम शोधून देत होता. बीटल्समध्ये त्याने जेवढा काळ घालविला, त्याच्या दसपट काळ या नोकरीत गेला. परंतु जगाने मोजली ती पहिली दोनच वर्षे.

१९८८ पासून तो पुन्हा रंगमंचावर येऊ लागला. १९९५ साली बीटल्सची जुनी ध्वनिमुद्रणे ‘अँथॉलॉजी’ या नावाने प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतील दहा गाण्यांत बेस्टचे वादन होते. तेहतीस वर्षांनंतर त्याला त्याचे स्वामित्वधन मिळाले. २०२५ मध्ये त्याने जाहीर कार्यक्रमांतून निवृत्ती पत्करली.

‘पिंक फ्लॉइड’ या वाद्यवृंदाच्या सिड बॅरेटची कथा निराळी. मनःस्वास्थ्य ढळल्यामुळे १९६८ साली तो वाद्यवृंदापासून दुरावला. त्याच्या गाण्यांचे स्वामित्वधन त्याला मिळत राहिले. पैशाची विवंचना नव्हती. पुढे तो केंब्रिजला परतला आणि २००६ साली मृत्यू येईपर्यंत चित्रकला व बागकाम यांत रमला. आपल्या जुन्या कीर्तीविषयी कोणी विचारलेले त्याला रुचत नसे.

एकाला कीर्तीने दाराबाहेर ठेविले. दुसऱ्याने स्वतःच दार लावून घेतले. दोघांनाही सावरले ते साध्या, नित्याच्या कामाने आणि घरच्या माणसांनी. ‘थोडक्यात हुकलेला माणूस’ असे बेस्टचे वर्णन करणारे लोक त्याच्या आयुष्याचा एकच दिवस पाहतात. त्या दिवसानंतर त्याने संसार केला, दोन मुली वाढविल्या आणि अनेकांना उपजीविकेच्या मार्गास लावले. हुकलेल्या संधीने माणसाचे मोल ठरवावयाचे, की तिच्यानंतर त्याने केलेल्या कामाने, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्याशी शोधावे.