राखेखालची चिकणमाती पाणी किती अडवते?

काळ्या रानात पावसाचं पाणी साचून राहतं, लवकर मुरत नाही. त्यातल्या चिकणमातीचे सूक्ष्म पापुद्रे पत्रावळींच्या चळतीसारखे बसतात. पाण्याला वळसे घेत उतरावं लागतं. म्हणून कोळशाच्या राखेच्या तळ्याखाली ती दाबून बसवतात. अमेरिकी नियमाने थर 60 सेंटिमीटरचा. थर पूर्ण भिजलेला, पण वर पाणी साचलेलं नसलं तर त्यातून वर्षाला जेमतेम 3 सेंटिमीटर पाणी उतरतं. वर तळं भरलेलं असलं की जास्त. राखेतलं आर्सेनिक बरंचसं मातीला चिकटतं, बोरॉन मात्र पाण्याबरोबर निसटतं. माती बेंटोनाइट असेल तर राखेतलं कॅल्शियम तिचं फुगणंच कमी करतं. थर वाळला तर भेगा पडतात, त्या वेगळ्याच. 2018 मध्ये अमेरिकी न्यायालयाने नुसतं मातीचं अस्तर असलेल्या तळ्यांना दिलेली सवलत रद्द केली, ते योग्यच झालं. नव्या तळ्यांत मातीवर प्लॅस्टिकचा जाड पडदाही अंथरावा लागतो.