बाजारातील सुगंधी तेले : जंतुनाशक गुण आणि शुद्धता

नवीन पनवेलसारख्या शहरांत लवंग, निलगिरी, गवती चहा यांची सुगंधी तेले औषधांच्या दुकानांत सहज मिळतात. लवंगेतील युजेनॉल व गवती चहातील सिट्राल हे घटक जिवाणूंच्या पेशीपटलास इजा करतात. म्हणून तेलाचे जंतुनाशक सामर्थ्य अशा घटकांच्या प्रमाणावर अवलंबून असते. भेसळीने हेच प्रमाण घटते. हा प्रश्न जुना आहे. एकोणिसाव्या शतकात खानदेशातील रोशा गवताचे तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानात जाऊन गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. खुद्द रोशा तेलातही टर्पेंटाइनची भेसळ होत असे.

आगर पट्टिकेवरील अवरोध-क्षेत्र हा शुद्धतेचा पुरावा नव्हे. तेल पाण्यात विरघळत नसल्याने आगरात नीट पसरत नाही; शिवाय टर्पेंटाइनही काही जिवाणूंची वाढ रोखते. म्हणून किमान अवरोधक संहती मोजणे व गॅस क्रोमॅटोग्राफीने घटकांचे प्रमाण तपासणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत केवळ क्षेत्राच्या व्यासावरून तेल उत्तम ठरविल्यास, दातदुखीवर वा जखमेवर ते वापरणाऱ्या ग्राहकाची दिशाभूल होते.