शुगर आणि वाढीचा रस

"मास्तर, मला चांगलं दिसतंय की. मग डोळे कशाला दाखवू?" लातूरच्या बाजारात एका ओळखीच्या शेतकऱ्याने मला विचारले. त्यांना बारा वर्षांपासून शुगर आहे, म्हणजे मधुमेह.

मांजरेच्या कालव्याचे पाणी आधी चारीत येते, मग सरीत. पीक पाणी पिते ते सरीतून. आपल्या अंगातही तसेच आहे. रक्ताच्या मोठ्या नळ्या असतात, तशा केसाहून बारीक नळ्याही असतात. डोळ्याचा पडदा आणि मूत्रपिंड यांचे काम या बारीक नळ्यांवर चालते. रक्तात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली, की या नळ्या खराब होतात. काही झिरपतात, काही बुजतात. रक्त मिळेनासे झाले की पडद्यावर नव्या नळ्या फुटतात. त्या फार कच्च्या असतात. त्या तुटल्या की डोळ्यात रक्त साचते आणि अंधार होतो.

आता दुसरी गोष्ट ऐका. मेंदूच्या खाली हरभऱ्याएवढी एक ग्रंथी आहे. तिचे नाव पीयूषिका. तिच्यातून वाढीचा रस सुटतो. त्यानेच लेकरे उंच होतात. मोठेपणीही तो थोडा सुटतो, जास्त करून रात्री झोपेत. हा रस इन्सुलिनच्या कामात आडवा येतो. म्हणून रात्री काही न खाताही काहींची साखर सकाळी वाढलेली दिसते. घरची मंडळी उगाच म्हणतात, म्हातारा चोरून गूळ खातो!

१९५३ साली डेन्मार्कच्या पौल्सन नावाच्या डॉक्टरांनी एका बाईची हकीकत छापली. तिला मधुमेह होता. डोळ्यांचे पडदे बिघडले होते. बाळंतपणानंतर तिची ही ग्रंथी निकामी झाली. पुढे पाहतात तो पडदे सुधारलेले! मग डॉक्टरांनी काही रोग्यांची ग्रंथी मुद्दाम काढून पाहिली. काहींची नजर वाचली. पण किंमत फार मोठी. ग्रंथी गेली की जन्मभर औषधे आणि अशक्तपणा. पुढे लेसर किरणांचा उपाय आला आणि ती शस्त्रक्रिया मागे पडली. आता डोळ्यात द्यायची इंजेक्शनेही आहेत.

हा रस एकटा काही करीत नाही, बरे का. मूळ दुखणे साखरेचेच. रस तिला हात देतो. तालमीतली काही पोरे अंग भरावे म्हणून याच रसाची सुई चोरून घेतात. हा शुद्ध वेडेपणा आहे. त्याने साखर वाढते.

त्या शेतकऱ्याला मी सांगितले, "पडद्याचा मधला भाग शाबूत आहे, तोवर नीट दिसतं. कडेला काय चाललंय ते तुम्हाला कळत नाही. लेसरनं आहे ती नजर राखता येते, गेलेली बहुधा परत येत नाही. म्हणून वर्षातून एकदा दाखवायचं."

नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. तिथे डोळ्यांचे डॉक्टर असतात. ते डोळ्यात थेंब टाकतात, बाहुली मोठी करतात आणि आतला पडदा पाहतात. दुखत नाही. त्याच खेपेला लघवीही तपासून घ्यावी, म्हणजे मूत्रपिंडाचे कळते. थेंबांमुळे काही तास अंधुक दिसते. तेव्हा घरचे कुणीतरी बरोबर न्यावे आणि परत येताना मोटारसायकल त्याच्या हाती द्यावी.